सात नंबरची जागा

१

फाइलीत एक पान कमी होतं.

एव्दोकिया त्सालूमाने नकाशे एकदा मोजले, दोनदा मोजले, मग बोटाला थुंकी लावून तिसऱ्यांदा मोजले. यादीत एकोणीस, हातात अठरा. नाहीसा झाला होता तो चौदावा नकाशा, म्हणजे तळमजल्यावरच्या पार्किंगचा. गाड्यांच्या दहा जागा, मधले खांब आणि प्रत्येक जागेपाशी विजेच्या गाडीसाठी चार्जिंगची पेटी, एवढं सगळं त्या एकाच कागदावर होतं.

एव्दोकिया या गावची नव्हती, आणि नसायलाच हवी होती. इमारतींच्या शेवटच्या तपासणीसाठी इंजिनीअर चिठ्ठी टाकून निवडतात, ते याचसाठी की त्याचा गावात कुणाशी लागाबांधा नसावा. चिठ्ठी निघाली की जायचं, बघायचं, सही करायची आणि परत फिरायचं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात तिने अशा शेकडो सह्या केल्या होत्या. पालिओस्कालाची ही इमारत ती चाळीस मिनिटांत उरकणार होती. दुपारच्या जेवणाला तिला घरी पोचायचं होतं.

नगररचना कार्यालयाच्या दप्तरखान्यात अंथूला नावाची जाडजूड, प्रेमळ बाई बसायची. तिचा चेहरा पांढराफटक पडला. इमारत जुनी होती. मंदीच्या काळात बारा वर्षं तिचा नुसता सांगाडा उभा होता आणि परवानगी कागदावरच्या जमान्यातली होती. संगणकावर यातलं काहीच नव्हतं.

"शुक्रवारी विजेची जोडणी आहे," अंथूला म्हणाली. "दहा कुटुंबं सामान बांधून बसलीत, इंजिनीअरबाई. तुमच्या सहीशिवाय वीज नाही."

एव्दोकियाने फाइल उलटी करून पाठीकडून पाहिली. नकाशे सुती दोऱ्याने ओवलेले होते. घाईत पान ओढणाऱ्याने ते फाडलं असतं. इथे दोरा बारीक कात्रीने कापला होता, आणि पान काढून झाल्यावर उरलेले अठरा नकाशे पुन्हा नीट बांधून घट्ट गाठ मारली होती.

असा चोर तिने आजवर पाहिला नव्हता. एक पान चोरलं, आणि बाकीची हरवू नयेत म्हणून बांधून ठेवली.

२

वहीत गेल्या महिन्याभरात फाइल उघडणाऱ्यांची तीनच नावं होती. तीन तारखेला बिल्डर स्तामातिस वेर्गोस. नऊ तारखेला आर्किटेक्ट मिरोनास. बारा तारखेला पेर्सेफोनी दूका, जिची ती जमीन. तिच्या प्लॉटवर स्तामातिसने इमारत बांधायची आणि बदल्यात तिला एक फ्लॅट द्यायचा, असा इकडचा नेहमीचा करार होता.

एव्दोकियाने पहिला संशय घेतला तो बिल्डरवर. कुणीही तोच घेतला असता. नियम साधा होता: जितके फ्लॅट तितक्या गाड्यांच्या जागा, आणि प्रत्येक जागेला चार्जिंगची सोय. एक जागा कमी पडली तर एक फ्लॅट बेकायदा. पार्किंगचा नकाशा गायब आहे म्हणजे खाली जागा कमी असणार, हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं आणि ती इमारतीकडे निघाली.

तळमजला मोकळा होता, खांबांवर उभा. ताज्या रंगाचा वास येत होता. तिने जागा मोजल्या. दहा. पेट्या मोजल्या. त्याही दहा. एकेक पेटी उघडून बटण दाबून पाहिलं, तात्पुरत्या विजेवर दहाही ठिकाणी हिरवा दिवा लागला.

सगळं चोख होतं. आणि सगळं चोख होतं म्हणूनच तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला. लपवण्यासारखं काहीच नसेल तर नकाशा चोरला कशाला?

स्तामातिस पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, बोलायला गोड माणूस. चोरीचं ऐकून तो आधी हसला, कुठला नकाशा ते विचारलं, मग गाडीतून एक गुंडाळी घेऊन आला. त्याच नकाशाची झेरॉक्स. मिरोनासने काढून दिली होती, नऊ तारखेला, खुद्द अंथूलाकडून.

"घ्या," तो म्हणाला. "यावर सही करा आणि मोकळ्या व्हा. जागा दहा, पेट्या दहा. आणखी काय पाहिजे?"

एव्दोकियाने त्याला सांगितलं की बिल्डरने दिलेली प्रत तिला चालत नाही. मूळ नकाशा हरवला तर तपासणी करणाऱ्याने पूर्ण मजला स्वतः मोजायचा, नवा नकाशा स्वतः काढायचा आणि तो जुन्या सांगाड्याच्या नकाशाशी ताडून पाहायचा. त्याला दोन दिवस लागतील.

त्याचा गोडवा तिथल्या तिथे आटला. कुटुंबांचे हाल त्याने ऐकवले, मग वरच्या साहेबांची नावं घेतली. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष भलतीकडेच होतं. नऊ पेट्या आपापल्या जागेशेजारच्या खांबावर बसवल्या होत्या. सात नंबरची तेवढी खांबावर नव्हती. ती मागच्या भिंतीवर होती आणि तिची नळी छताखालून चांगली तीन मीटर वळसा घेऊन तिकडे गेली होती.

शेजारी खांब असताना नळी एवढी लांब कुणी नेतं का?

३

आर्किटेक्ट मिरोनासचं ऑफिस बंदरावर होतं. माणूस टापटीप, तिरकस. त्याने तिला बसायला सांगितलं पण स्वतः उभाच राहिला आणि कुठला कागद हरवला ते विचारलं. सरकारी फाइलीतून कागद हरवणं ही काय बातमी आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. इमारत आधी नऊ फ्लॅटची होती. गेल्या वर्षी गच्चीवर दहावा वाढवला, त्याची सुधारित परवानगी त्यानेच आणून त्याच कागदी फाइलीत जोडली, पार्किंगचा नवा नकाशाही त्यानेच काढला. नऊ तारखेला झेरॉक्स कशाला काढली, याचं उत्तर द्यायला त्याने जरा वेळ घेतला. स्तामातिसने मागितली म्हणून, असं तो शेवटी म्हणाला.

सात नंबरच्या पेटीबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, ते इलेक्ट्रिशियनला विचारा. आणि घड्याळाकडे पाहिलं.

इलेक्ट्रिशियन पानायीस चौकातल्या कॅफेत सापडला. थंडगार फेसाळ कॉफीचा पेला पुढ्यात आणि कुणाशीही बोलायची तयारी नसलेलं तोंड. पहिली दहा मिनिटं त्याने फक्त वायरींची जाडी सांगितली. एव्दोकियाने मग सरळच विचारलं, की वीस वर्षं धंद्यात असलेला माणूस तीन मीटर नळी फुकट का घालवेल.

"फुकट नाही घालवली," पानायीस दुखावल्यासारखा म्हणाला. "मी खांबावरच लावायला गेलो होतो. ड्रिल हातात होतं. स्तामातिस धावत आला, म्हणाला या खांबाला हात लावायचा नाही. का, ते सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"बाई, पुढची तीन कामं त्याच्याकडेच आहेत माझी."

पालिओस्कालात खांब हा शब्द साधा नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वीच्या भूकंपात अर्धं गाव बसलं होतं. ही इमारत ज्या प्लॉटवर होती तिथलं जुनं घरही त्याच सकाळी पडलेलं, म्हणून तर तो प्लॉट मोकळा झाला.

४

तिसरं नाव राहिलं होतं. खरं सांगायचं तर पेर्सेफोनीवर एव्दोकियाचा काडीचा संशय नव्हता. अंथूलाकडून तिला कळलं होतं की स्तामातिस हा म्हातारीचा जावई आणि वाढवलेला दहावा फ्लॅट तिच्या मुलीचा, झाबेताचा. नकाशा नाही म्हणजे सही नाही, सही नाही म्हणजे मुलीचं घर अडकलं. आपल्याच लेकीच्या पायावर कोण धोंडा पाडेल?

म्हातारी इमारतीच्या समोरच्याच घरात राहायची, पहिल्या मजल्यावर. काळे कपडे, ताठ पाठ, स्वच्छ घर. तिने रिवाजाप्रमाणे बशीत मुरवलेल्या संत्र्याच्या सालीची गोड वेटोळी आणि थंड पाणी पुढे केलं. रस्त्याकडची गॅलरी छान होती, पण तिच्या झडपा भर दिवसा बंद होत्या. दोघी मागच्या अंधाऱ्या खोलीत बसल्या.

एव्दोकियाने एवढंच सांगितलं, की फाइलीतला एक कागद सापडत नाही. स्तामातिसने ताबडतोब विचारलं होतं, कुठला. मिरोनासनेही विचारलं होतं. पेर्सेफोनीने विचारलं नाही. बारा तारखेला फाइल कशाला पाहिली, यावर ती म्हणाली की मुलीच्या घराला पडदे शिवायचेत, खिडक्यांची मापं हवी होती. मग बशी उचलता उचलता, जणू सहज, तिने विचारलं:

"आता तुम्ही सगळं मोजणार ना? हाताने?"

"मोजावंच लागेल."

"खांबसुद्धा?"

एव्दोकियाने तिच्याकडे पाहिलं. म्हातारीची नजर बशीवरच होती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सांगाड्याचा जुना नकाशा घेतला, टेप घेतली आणि पहिल्या खांबापासून सुरुवात केली. स्तामातिस आणि मिरोनास दोघेही आले होते. पलीकडच्या फुटपाथवर पानायीस सिगरेट ओढत उभा होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं तरी.

जुन्या नकाशावर खांब बारा, प्रत्येक पन्नास सेंटिमीटर रुंद. पहिला पन्नास. दुसरा पन्नास. तिसरा, चौथा, पाचवा. सहा आणि सात नंबरच्या जागांमधला खांब तिने मोजला आणि टेप पुन्हा लावली.

अठ्ठावीस.

तिने पिशवीतली लहान हातोडी काढली आणि आधी पाचव्या खांबावर मारली. दगडावर मारल्यासारखा बंद आवाज आला. मग या खांबावर मारली. रिकाम्या कपाटावर मारल्यासारखं वाजलं.

"हा खांब नाही," ती म्हणाली. "ही पेटी आहे. जिप्समच्या बोर्डांची."

मिरोनास खाली बघू लागला. आता एव्दोकियाला सगळं लख्ख दिसलं आणि तिने ते दोघांना क्रमाने सांगितलं. नऊ फ्लॅट होते तोवर नऊ गाड्या आरामात मावत होत्या. दहावा फ्लॅट आला, त्याला दहावी जागा हवी झाली. ती पन्नासच्या खांबामुळे बसेना. मिरोनासने कागदावर तोच खांब बारीक काढला आणि जागा बसवली. कागदावर बसली, पण प्रत्यक्षात सिमेंटचा खांब रेघेसारखा आकसत नाही. तेव्हा स्तामातिसने तो कापला आणि नकाशात दाखवलेल्या मापाची पोकळ पेटी तिथे उभी केली. तिच्यावर पानायीसची चार्जिंगची जड पेटी टांगली असती तर बोर्ड उचकटला असता, म्हणून ती भिंतीवर गेली.

"वर लोखंडी तुळई टाकलीय," स्तामातिस पुटपुटला. "जाड. मी काय वेडा आहे? माझी बायको राहणार आहे वर."

"हिशेब कुणी केला तुळईचा?"

त्याने मिरोनासकडे पाहिलं. मिरोनासने आपल्याला विचारलंच नव्हतं असं सांगितलं. हिशेब कुणीच केला नव्हता.

एव्दोकियाने तिथल्या तिथे इमारत बंद करण्याचा आदेश लिहिला. स्तामातिस पायरीवर बसला. त्याने मान वर करून विचारलं, पण मग नकाशा चोरला कुणी? तो तर आमच्या बाजूचा होता.

हाच प्रश्न एव्दोकियाला रात्रभर छळत होता आणि त्याचं उत्तर प्रश्नातच होतं. नकाशा जागेवर असता तर तिने काय केलं असतं? दहा जागा मोजल्या असत्या, दहा दिवे पाहिले असते, खांब नकाशातल्यासारखाच बारीक आहे हे बघून मान डोलावली असती आणि सही केली असती. चाळीस मिनिटांत. जुना सांगाडा तर बारा वर्षांपूर्वीच पास झालेला, तो पुन्हा कोण बघतं? ही सही अडली ती केवळ नकाशा नव्हता म्हणून. चोराला काही लपवायचं नव्हतंच. तिने मोजावं, एवढंच त्याला हवं होतं.

मग चोर कोण, हे उरलं नव्हतंच. नऊ तारखेला अंथूलाने स्वतः त्या नकाशाची झेरॉक्स काढून फाइल स्वतः जागेवर ठेवली, म्हणजे तोवर तो फाइलीत होता. त्यानंतर फाइल एकाच व्यक्तीने उघडली. इमारतीकडे येण्याआधी एव्दोकियाने अंथूलाला फोन करून एकच गोष्ट विचारली होती: बारा तारखेला पेर्सेफोनीबाईंनी काही चौकशी केली का? अंथूलाला आठवलं. म्हातारीने विचारलं होतं, एखादा नकाशा हरवला तर तपासणीवाले काय करतात. अंथूलाने सांगितलं होतं, सगळं नव्याने मोजतात बिचारे. मग ती कॉफी करायला आत गेली होती.

६

पेर्सेफोनीने दार उघडलं आणि काही न विचारता आतून नकाशा आणला. पलंगाच्या गादीखाली सपाट ठेवला होता. त्याला एकही घडी पडलेली नव्हती.

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. फेब्रुवारीत एके दिवशी दुपारी, ज्या वेळात सगळं गाव वामकुक्षी घेतं आणि आवाज करायला बंदी असते, त्या वेळात समोर ताडपत्री लावून हातोडा चालत होता. तिने गॅलरीतून पाहिलं. दोन माणसं सिमेंटचे तुकडे गाडीत भरत होती आणि तुकड्यांतून सळया बाहेर आल्या होत्या. भिंतीत सळया नसतात, एवढं तिला कळत होतं. सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला लोकांनी ज्या ढिगाऱ्यातून काढलं, त्यात असाच एक खांब होता. जुन्या घराचा. कुणीतरी खाली दुकानासाठी तो तासून बारीक केला होता. ती त्या दिवशी पाव आणायला गेली होती म्हणून वाचली.

"मुलीला सांगितलं नाहीत?" एव्दोकियाने विचारलं.

"सांगितलं. ती म्हणाली, आई, तुला सगळीकडे खांबच पडताना दिसतात." म्हातारीने नकाशा हळूच गुंडाळला. "खोटं नव्हती बोलत. दिसतात मला."

पोलिसांत जाऊन जावयाचं नाव घ्यायला तिची जीभ रेटली नाही. त्याला तुरुंग, मुलीला लाज, नातवंडांना गावाची बोटं. आणि गप्प बसावं तर खाली दहा संसार. तेव्हा तिने ठरवलं की आपण नाव घ्यायचं नाही, परक्या माणसाने येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

एव्दोकियाने तिला सांगितलं की अहवालात हेही लिहावं लागेल. सरकारी फाइलीतून नकाशा काढला हा गुन्हा आहे, कारण काहीही असो.

"लिहा. पण संध्याकाळी लिहा. त्याला ते कागदावरून कळू नये."

तिने खांद्यावर शाल घेतली आणि जिना उतरली. एव्दोकिया मागून गेली. स्तामातिस अजून त्या पायरीवरच होता. सासूला येताना पाहून तो उठला आणि तिच्या हातातली गुंडाळी पाहून जागच्या जागी थिजला.

"तुम्ही?" तो म्हणाला. "आई, आधी मला सांगायचं होतंत ना."

"सांगितलं होतं, स्तामातिस. तू म्हणालास, तुम्ही स्वयंपाकघराचं बघा."

त्याने एवढंच विचारलं की झाबेताला कोण सांगणार. म्हातारी म्हणाली, मी सांगते, पण तू शेजारी उभा राहा. दोघं कोपऱ्यापर्यंत चालत गेली, मध्ये हातभर अंतर ठेवून. एव्दोकियाने पानायीसला घरी पाठवलं आणि मिरोनासकडून त्याचा शिक्का मागून घेतला.

पुढचं सगळं सरळ आणि सावकाश झालं. मिरोनासचा परवाना दोन वर्षांसाठी गेला. स्तामातिसवर खटला भरला आणि त्याला शिक्षा झाली, पण स्वतः खर्च करून खांब पुन्हा उभा करायच्या अटीवर तुरुंग टळला. पेर्सेफोनीला न्यायाधीशाने दंड ठोठावला आणि तिने तो त्याच दिवशी भरला. दहावा फ्लॅट पाडावा लागला. झाबेता आईशी सात महिने बोलली नाही, आणि बोलू लागली तेव्हाही घराचा विषय दोघींनी टाळला. नऊ कुटुंबं मात्र ऑक्टोबरात राहायला येणार होती, आता त्यांचा शेवटचा कागद तेवढा उरला होता.

त्यासाठी पुन्हा चिठ्ठी टाकली गेली आणि नाव निघालं दुसऱ्याच कुणाचं. ही तपासणी आपलीच अर्धवट राहिली आहे असा अर्ज करून एव्दोकियाने काम मागून घेतलं. या वेळी एकोणीसच्या एकोणीस नकाशे फाइलीत होते. तिने ते अंथूलाच्या टेबलावरच ठेवले, टेप घेतली आणि सकाळी आठपासून बाराही खांब चारी बाजूंनी मोजले, हातोडी मारून पाहिले, नव्या खांबाच्या सळयांचे फोटो एकेक करून तपासले. नऊ जागा, नऊ पेट्या. दुपार टळून गेली. जेवण राहिलं.

टेपचं दुसरं टोक स्तामातिसने धरलं होतं. त्याने एकदाही पुरे म्हटलं नाही.